पडद्यावरील खलनायक, जनसामान्यांचे निळूभाऊ

ज्यांना पडद्यावर पाहून खेड्यापाड्यांतल्या आयाबाया बोटे मोडीत, ते निळू फुले एकेकाळी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. त्यांचा जन्म १९३० सालचा. पगार तुटपुंजा, पण त्यातूनही ते राष्ट्र सेवा दलाला वाटा देत. सेवा दलाच्या कलापथकातच त्यांचा अभिनय घडला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले व १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून ते चित्रपटात आले. १९७२ साली तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' त्यांनी रंगभूमीवर उभा केला. 'सामना' (१९७५) मधील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील तर आपल्या ग्रामीण भागात सर्वांना ओळखीचाच वाटला. सत्तेचा माज त्यांनी खालच्या पायरीवरून पाहिला होता, म्हणूनच तो इतका हुबेहूब उतरला असावा.

मिळालेली कीर्ती त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामी लावली. सामाजिक कार्यकर्त्यांसाठी कृतज्ञता निधी उभा राहावा म्हणून डॉ. श्रीराम लागूंसमवेत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे : आपण मोठे झालो, तर ज्यांच्यातून आलो त्यांच्या उपयोगी पडावे.