विश्लेषण : खाशाबा जाधव विरुद्ध शोहाची इशी… हेलसिंकीतील त्या कुस्तीत काय घडले?

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. मातीतून आलेल्या बाला रफीक शेखने गादीवरच्या अभिजित कटकेला गादीवरच हरवले. माती की गादी, हा वाद मराठवाड्याच्या आखाड्यांनाही जुनाच. त्याची पहिली मोठी परीक्षा मात्र १९५२ मध्ये फिनलंडला झाली होती. समोर जपानी मल्ल होता आणि परीक्षा देत होते खाशाबा दादासाहेब जाधव.

मातीतून गादीवर…

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे लाल मातीची ओळख बालपणीच झाली. शरीर आडदांड नव्हते. चपळाई आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला फेकायचे, हे त्याचे थोडक्यात वर्णन. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो सरकतो. शिवाय तिथे गुण मोजले जातात. हे सगळे नव्याने शिकणाऱ्या मल्लासाठी सहावा क्रमांक कमी नव्हता.

हेलसिंकीला जायला पैसे कुठून आले?

सरकारी मदत पुरेशी नव्हती, म्हणून वर्गणी गोळा झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

इशी कोण होते?

शोहाची इशीही १९२६चेच. मूळचे ज्युदोपटू. युद्धात हरल्यावर जपानमधील शाळांत ज्युदोला बंदी आली आणि इशी कुस्तीकडे वळले. (पुढे टीव्हीवर रिकिदोझानने गाजवलेली जपानी व्यावसायिक कुस्ती वेगळी. इशी हौशी कुस्तीतले.) म्हणजे बँटमवेट गटाच्या, ५७ किलोच्या या लढतीतले दोघेही दुसऱ्या विद्येतून आलेले होते. फरक एवढाच, की ज्युदो गादीवरच शिकला जातो. फेकणे, तोल काढणे, पडता पडता सावरणे हे इशींच्या अंगवळणी पडलेले होते. खाशाबांच्या ढाकेला उत्तर देऊ शकेल असा मल्ल त्या गटात बहुधा हाच.

लढत कशी झाली?

कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा शेवटच्या तिघांत पोहोचले. इशींविरुद्धची कुस्ती पंधरा मिनिटे चालली. चितपट झाली नाही. निर्णय इशींच्या बाजूने गेला. दुसरे प्रतिस्पर्धी सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव. या दोन कुस्त्यांत नियमाप्रमाणे किमान अर्धा तास विश्रांती हवी होती, पण हा मुद्दा मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता आणि थकलेल्या खाशाबांना लगेच गादीवर उतरावे लागले, अशी हकिकत सांगितली जाते. इशींपुढची हार कौशल्याची मानता येईल. मम्मदबेयोवपुढच्या हारेत व्यवस्थेचा वाटा मोठा होता. विश्रांती मिळती तर रुपेरी पदक अशक्य नव्हते.

२३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक निश्चित झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. इशींचे सुवर्ण हे त्या स्पर्धेतले जपानचे एकमेव सुवर्ण ठरले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेसने मिळवून दिले आणि कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमारने.

पदकानंतर काय?

कराड स्थानकावरून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्तीची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाने. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले आणि १५ जानेवारी हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.