उघड्या दाराचं घर

सकाळची गाडी पकडून बोईसरहून पालघरच्या कॉलेजला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आठवते का? तुमच्या पुस्तकात नसेल, तर घरी आईला किंवा आजीला विचारा. घायाळ झालेली एक पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे परत येते, ती कविता. ती लिहिणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, हे दुसरे टिळक. आज त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या घराबद्दल सांगायचंय. कारण आईवडिलांनी मुलांना श्रद्धा द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्या घरात सापडतं. आणि ते उत्तर साधं-सरळ मुळीच नाही.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, कोकणातल्या करजगावचा. त्यांची बायको लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरची. लग्न झालं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची पोर होती. माहेरी सोवळं-ओवळं इतकं कडक, की घरात शिरणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून निघायची. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

नवरा हुशार, पण एका जागी टिकणारा नव्हे. आज या गावी, उद्या त्या गावी. डोक्यात राग, हातात पैसा ठरत नाही. वाणसामानाला दिलेले पैसे वाटेत कुणाच्या अडचणीला जायचे आणि घरी चूल थंड. हे सगळं लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्रात हसत हसत लिहून ठेवलंय.

टिळकांच्या आयुष्यातलं मोठं वळण, तुमच्या रोजच्या प्रवासासारखं, आगगाडीच्या डब्यात आलं. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन टिळक थांबले, ते कायमचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता तुम्ही लक्ष्मीबाईंच्या जागी उभे राहा. वय सत्तावीसच्या आत. पदरात लहानगा दत्तू. नवरा ख्रिस्ती झालाय, आणि त्या काळी याचा अर्थ जातीतून, नात्यागोत्यातून तो संपला. बातमी कळली तेव्हा त्यांची जी अवस्था झाली, ती वाचताना आजही पोटात कालवतं. पुढची काही वर्षं माय-लेकरं नातेवाइकांच्या आधारानं राहिली, बाप दूर.

इथे आपण भक्तिभावानं डोळे मिटून घ्यायला नकोत. टिळकांच्या श्रद्धेची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित जास्तच, बायकोनं आणि मुलानं मोजली. हे त्या घराचं दुखणं होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. ताटातूट संपून लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हाही त्या हिंदूच होत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. धर्मोपदेश करणाऱ्या माणसाच्या घरातच त्याचा धर्म न मानणारी बायको! टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. माणसामाणसांत देवानं भेद केला की आपण, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच घातला, स्वतःच सोडवला, आणि सोवळं एकेक पायरीनं सोडलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

दत्तू या घरात वाढला. त्यानं काय पाहिलं? दुष्काळात बाप अनाथ पोरं घरी घेऊन येतो. आई डोक्याला हात लावते आणि मग त्यांच्यासाठी भाकऱ्या थापते. जातपात न विचारता पंगत बसते. बालकवी ठोंबरे नावाचा एक पोरगेला कवी घरी राहायला येतो आणि घरचाच होतो. तो हिंदू आहे आणि हिंदूच राहतो, त्यामुळे त्याच्या ताटातलं वाढणं कमी होत नाही. आई-बाप कडाकडा भांडतात आणि पुन्हा एक होतात. 1917 साली बाप मिशनच्या नोकरीवर पाणी सोडतो आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू करतो, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा आहे.

पाठ करून घेतलेले धडे पोरं विसरतात. ताटाला ताट लावून कोण बसलं होतं, हे मात्र विसरत नाहीत.

9 मे 1919 ला टिळक मुंबईत वारले. इस्टेट म्हणावी असं मागे काही नव्हतं. होती ती भजनं, जी मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात, आणि ‘ख्रिस्तायन’ नावाचं अर्धवट महाकाव्य. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झालेले, बाकी कोरं. ते पुढे नेलं कुणी? लग्नानंतर अक्षरं गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. मग मुलाच्या आग्रहानं आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं छापून आलं आणि मराठी आत्मचरित्रांत ते अगदी वरच्या रांगेत जाऊन बसलं. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या गेल्या. 1938 मध्ये ‘ख्रिस्तायन’ लोकांसमोर आलं, ते दत्तूमुळे, म्हणजे देवदत्त टिळकांमुळे. पुढे ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती सिद्ध करायला हात लागला तो नातवाचा, अशोक टिळकांचा.

तीन पिढ्या. बापानं जे अर्ध्यावर टाकलं ते आईनं उचललं, आईचं मुलानं, मुलाचं नातवानं. जबरदस्तीनं असं होत नाही. ज्या घरात मुलाला बापाचे दोष उघड दिसतात आणि तरीही त्याच्या बोलण्या-वागण्यात अंतर दिसत नाही, त्याच घरात हे होतं.

तुमच्यातल्या कुणाच्या घरी आज धर्मावरून, लग्नावरून, करिअरवरून ताण असेल. कुणी शिकायला बाहेर पडलाय आणि घरच्या देवाचं काय करायचं ते कळत नाहीये. टिळकांचं घर त्यावर तयार तोडगा देत नाही. ते एवढंच दाखवतं, की वेगळं मत असलेल्या माणसालाही घरातला पाट मिळू शकतो, आणि त्याला विचार करायला वर्षंच्या वर्षं देता येतात.

उद्या तुम्हीही कुणाचे आई-बाप व्हाल. त्याआधी आज घरात एखादं धाकटं भावंड असेलच. ते तुमचं ऐकत नाही, ही तुमची तक्रार असते ना? ऐकत नसेलही. पण बघतंय मात्र नक्की. पुढच्या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’ हातात घ्या. गाडीत वाचलंत तर एक सांभाळा, हसण्याच्या नादात पालघर मागे जाईल.