हॅरी फर्ग्युसन: ट्रॅक्टरला 'लिफ्ट' देणारा मेकॅनिक

ट्रॅक्टरच्या मागची 'लिफ्ट' तुम्ही बघितलीच असेल. तीन दांडे, त्यांना अडकवलेला नांगर आणि एक छोटा लिव्हर. आज जवळपास सगळ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर हीच रचना वापरतात. चार्जिंगसाठी टाइप-सी पोर्ट जसा कॉमन झालाय, तसंच. ही रचना ज्याच्या डोक्यातून आली, तो हॅरी फर्ग्युसन. त्याची गोष्ट सुरू होते एका रिपेअरिंगच्या दुकानात.

शेतकऱ्याचा मुलगा, गॅरेजमधला पोरगा

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, उत्तर आयर्लंडमधल्या ड्रोमोर गावाजवळचा. वडील शेतकरी, पण हॅरीला शेतीचा कंटाळा. १९०२ मध्ये तो बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात लागला. इंजिन खोलायचं, बिघाड शोधायचा, परत जोडायचं, हेच त्याचं कॉलेज.

मग विमानाचं वेड लागलं. स्वतः बनवलेलं विमान त्याने ३१ डिसेंबर १९०९ ला उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण! १९११ मध्ये त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं.

प्रॉब्लेम इंजिनमध्ये नव्हताच

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला धान्याची टंचाई भासू लागली. १९१७ मध्ये आयर्लंडमधले ट्रॅक्टर नीट चालतात की नाही हे बघायचं काम सरकारने फर्ग्युसनकडे दिलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा ओढला जायचा. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि ट्रॅक्टर मागे उलटायचा. ड्रायव्हर खाली सापडून मरायचे.

यावर तेव्हाचा सोपा उपाय म्हणजे ट्रॅक्टर अजून जड करायचा. पण जड ट्रॅक्टर माती दाबतो आणि इंधनही जास्त खातो. फर्ग्युसनने उलटा विचार केला: ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रं मानायचीच नाहीत. नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडायचा आणि त्यावर हायड्रोलिकचा कंट्रोल ठेवायचा. माती घट्ट लागली की वरच्या दांड्यावर दाब वाढतो. तो दाब ओळखून हायड्रोलिक नांगर जरासा उचलतो, त्यामुळे मागच्या चाकांवर वजन येतं आणि पकड वाढते. सेन्सर आणि फीडबॅक, तेही एकही चिप नसताना! शिवाय नांगर अडकला तर तोच वरचा दांडा ट्रॅक्टरला मागे उलटू देत नाही.

हात मिळवला, कागद केला नाही

१९३८ मध्ये फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डला डेमो दिला. दोघांनी हात मिळवला आणि करार झाला. लेखी काहीच नाही. १९३९ मध्ये फोर्डचा '९एन' ट्रॅक्टर फर्ग्युसनच्या रचनेसह बाजारात आला आणि तुफान चालला.

पण १९४७ मध्ये फोर्डच्या नातवाने हा व्यवहार मोडला. लिफ्ट मात्र नव्या फोर्ड ट्रॅक्टरवर तशीच राहिली. फर्ग्युसन कोर्टात गेला आणि २५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मागितली. १९५२ मध्ये तडजोडीत मिळाले ९२.५ लाख डॉलर. एका कागदाअभावी इतकी वर्षं कोर्टात गेली. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

करडी फर्गी आणि तिचा कार्बोरेटर

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत त्याचा 'टीई२०' बनू लागला. करड्या रंगामुळे लोक त्याला लाडाने 'फर्गी' म्हणायचे. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त बनले. एडमंड हिलरी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरवर.

आजही कितीतरी फर्गी चालू आहेत. त्यांच्या मालकांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे कार्बोरेटर दुरुस्त करू की नवा टाकू?

आधी काम समजून घ्या. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढलं जातं. ट्रॅक्टर वर्षभर उभा राहिला की पेट्रोल सुकून चिकट थर बसतो आणि जेट बंद होतं. ही साफसफाईची केस आहे. खोला, क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. गॅसकेट आणि नीडल व्हॉल्व्ह नवे टाका, फ्लोटला भोक नाही ना ते बघा. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र मोठं झालं की पेट्रोलचं माप बिघडतं.

पण थ्रॉटलचा दांडा खटखट हलत असेल, तर कडेने जादा हवा आत जाते. मग कितीही साफ करा, इंजिन स्लोवर टिकत नाही. तिथे खराद्याकडून नवं बुश बसवून घ्यावं लागतं. बॉडीला तडा असेल तर मात्र सरळ बदला. नवा घेताना जेटचं माप जुळतंय ना ते तपासा, कारण दिसायला सारखा असला तरी आतून वेगळा असू शकतो. आणि या सगळ्याच्या आधी स्पार्क आणि पेट्रोलचा कॉक बघा. कितीतरी 'खराब' कार्बोरेटर मुळात ठीक असतात.

शेवटचा गिअर

१९५३ मध्ये फर्ग्युसनने कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. सौद्यात दहा लाख डॉलरचा फरक राहिला, तो नाणं उडवून मिटवला आणि फर्ग्युसन हरला. पुढे तो चारही चाकांना ताकद देणाऱ्या कारच्या मागे लागला. २५ ऑक्टोबर १९६० ला त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या फोर व्हील ड्राइव्ह रेसिंग कारने स्टर्लिंग मॉसच्या हाती ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. ते बघायला तो नव्हता.

आपल्याकडे चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवायला घेतले. ते डिझेलवर चालतात, त्यामुळे त्यांत कार्बोरेटर नाही. पुढच्या वेळी गावाकडे 'मॅसी' दिसली तर मागे जाऊन ते तीन दांडे बघा. त्या नावातला दुसरा अर्धा भाग याच मेकॅनिकचा आहे.