नारायणाची नऊवारी

जेऊरला आमच्या घरी सध्या एका साडीवरून वाद पेटलाय. मावसभाऊ सातवीत आहे. त्याला गॅदरिंगला नऊवारी नेसून नाचायचंय. मावशी स्वतःची साडी द्यायला तयार, पण काकांचं एकच, लोक हसतील. पोरगा दोघांकडे बघत गप्प. म्हणून म्हटलं, तुम्हाला नारायणाची गोष्ट सांगते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. पुण्यातलं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे, तेच.

जन्म २६ जून १८८८. लहानपणीच गाणं असं की टिळकांनी बालगंधर्व म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुढे कानाचा त्रास सुरू झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पोराला मिरजेच्या मिशन दवाखान्यात उपचार मिळवून दिले. तिथून वाट किर्लोस्कर नाटक मंडळीकडे वळली. मंडळीला तेव्हा नायिका हवी होती, कारण भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते. हो, नायिका करणारे भाऊराव पुरुषच. घरंदाज बायकांनी नाटकात उभं राहायचं नाही, असा तो काळ. १९०५ मध्ये मिरजेला नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा. म्हणजे तुमच्यातल्या एफवायच्या पोरांएवढा!

मग काय झालं? लोक हसले नाहीत, वेडे झाले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. बायका नाटकाला जायच्या ते गाणं ऐकायला आणि नेसण बघायलाही. बालगंधर्व साडी कशी नेसतात, दागिने कुठले घालतात, गजरा कसा माळतात, हे बघून घरी तसंच करायच्या. आजच्या भाषेत फॅशन इन्फ्लुएन्सर, आणि तोही पुरुष.

हे सगळं सोपं नव्हतं. १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. मला हा प्रसंग वाचून नुसतं कौतुक नाही वाटलं, भीतीही वाटली. १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. शालू अस्सल, दागिने भारी, खर्चाला धरबंध नाही. शेवटी कर्ज डोक्यावर. १९३५ मध्ये 'धर्मात्मा' सिनेमात एकनाथ केले, पण सिनेमा त्यांना मानवला नाही. उतारवयातही ते लुगडं नेसून रंगमंचावर यायचे. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६७ मध्ये गेले.

आता एक खरं सांगते. स्टेजबाहेर नारायणराव धोतर-कोटातले संसारी गृहस्थ होते. साडी त्यांचं काम होतं, तिला तिकीट होतं, म्हणून टाळ्या होत्या. तिकीट नसलेल्या पोराला हाच महाराष्ट्र काय देतो, ते तुम्हीआम्ही वर्गात बघितलंय. माझ्या भावाला साडी नाचापुरती हवीय की एरवीही आवडते, ते मला माहीत नाही. मावशीनेही अजून विचारलं नाही. तिने त्याला आधी कासोटा घालायला शिकवलाय.

काल फोनवर काकांना शकुंतलेची गोष्ट सांगितली. पुढून बराच वेळ काही आवाजच नाही. मग त्यांनी विचारलं, गॅदरिंग किती तारखेला आहे.