नादातून घडलेला कॅमेरा

गेवराईपासून परळी-अंबाजोगाईपर्यंत बीड जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत आज मोबाईल दुरुस्तीचे दुकान आढळते. दसरा सरला की ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबांतील तरुणाच्या खिशातही आता कॅमेरा असतो. यंत्रांविषयीची ही ओढ वडीलधाऱ्यांना बहुधा रुचत नाही. पोरगा नादी लागला, असे म्हणून ते मोकळे होतात. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु नाद सगळे सारखे नसतात. यंत्र विकत घेऊन मिरविण्याचा नाद वेगळा आणि यंत्र उघडून त्याचे मर्म जाणण्याचा नाद वेगळा. या दुसऱ्या प्रकारच्या नादाने काय घडू शकते, याचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण शोधू गेल्यास कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्याच जीवनाकडे वळावे लागते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव यांच्या हाती सुतारकामापासून चित्रकलेपर्यंत नाना कसब होते. बाबूरावांच्या वाट्याला शाळेचे शिक्षण बेताचेच आले. खरे शिक्षण झाले ते घरातल्या हत्यारांजवळ. लाकूड, धातू, माती आणि रंग ही त्यांची पाठ्यपुस्तके होती. बंधू आनंदराव यांच्या जोडीने त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्याचा व्यवसाय आरंभिला. केशवराव भोसले यांच्या कंपनीसाठी या बंधूंनी रंगविलेले राजवाडे आणि उद्याने पाहून प्रेक्षक थक्क होत आणि पेंटर ही त्यांची ओळखच त्यांचे आडनाव होऊन बसली.

रंगविलेला पडदा कितीही हुबेहूब असला तरी तो हलत नाही. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ साली मुंबईत झळकला आणि हलत्या चित्रांनी या बंधूंच्या मनाचा ताबा घेतला. फाळक्यांनी त्याच्या आदल्या वर्षी विलायतेस जाऊन कॅमेरा आणला होता. पेंटर बंधूंपाशी विलायतेस जाण्याइतका पैसा नव्हता आणि पुढे महायुद्ध पेटल्यावर परदेशी यंत्र मिळणे अधिकच दुर्घट झाले. तेव्हा जे विकत मिळत नाही ते स्वतः घडवावे, असा कारागिराला साजेसा निश्चय त्यांनी केला.

त्यांनी आधी चित्रपट दाखविण्याचे यंत्र मिळविले आणि त्याचाच अभ्यास मांडला. यात मोठी दृष्टी होती. चित्र दाखविणारे यंत्र आणि चित्र टिपणारे यंत्र यांचे हृदय एकच असते. फिल्म सलग सरकत राहिली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा उमटेल. म्हणून ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात प्रकाश आत आला पाहिजे, मग झडप मिटली पाहिजे आणि मिटलेल्या झडपेआड फिल्मच्या कडेच्या छिद्रांत दाती अडकून पुढील चौकट जागेवर आली पाहिजे. मूकपटांच्या काळी हा खेळ सेकंदाला सुमारे सोळा वेळा, तोही हाताने दांडा फिरवून साधावा लागे. दातीच्या गतीत केसाएवढा फरक पडला की चित्र थरथरते, फिल्म फाटते. शिवाय सर्व पेटीत प्रकाशाचा कणही शिरता कामा नये. घड्याळजीची नजर, सुताराचा हात आणि चित्रकाराचा डोळा एकत्र आल्याखेरीज हे काम होणारे नव्हते.

काम चालू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. जोडीदार गेला, अर्धवट यंत्र मागे राहिले. अशा वेळी बहुतेक नाद मावळतात. बाबूरावांचा नाद मावळला नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखा यंत्रांची तितकीच ओढ असलेला शिष्य त्यांना लाभला. सुटे भाग घडवावे, बसवावे, चुकले की मोडून पुन्हा घडवावे, असे चालले आणि १९१८ साली कोल्हापूरचा हा स्वदेशी कॅमेरा चालू झाला. यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांनी एका संस्थानी गावात ही किमया केली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या भांडवलाला हात दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. पांढरपेशा समाज ज्या धंद्याकडे नाक मुरडून पाहत होता, त्यावर एका कलावंत स्त्रीने विश्वास टाकला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. सैरंध्री या चित्रपटात बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. पुरुषाने लुगडे नेसून उभे राहावे अशा त्या काळी या दोघींना समाजाचा रोष सोसावा लागला. १९२० च्या फेब्रुवारीत सैरंध्री पुण्यात प्रदर्शित झाला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. टिळकांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष होते.

येथवरची हकीकत यंत्रावरील विजयाची आहे. पण बाबूरावांचे थोरपण येथे संपत नाही. हाती आलेले यंत्र कोठे रोखावे, हा प्रश्न यंत्र घडविण्याहून अवघड असतो. पौराणिक कथांना गर्दी लोटत होती. १९२३ च्या सिंहगडाने इतिहासही पडद्यावर आणला होता. त्याच वाटेने जाणे धंद्याच्या दृष्टीने सोयीचे होते. १९२५ साली मात्र बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून सावकारी पाश काढला आणि कॅमेऱ्याचे तोंड देवादिकांकडून कर्जबाजारी कुणब्याकडे वळविले. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकऱ्याला गाव सोडून शहरात गिरणीचा मजूर व्हावे लागते, एवढीच ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. झोपडीच्या अंधारात दारिद्र्य कसे दिसते, हे या चित्रपटाने दाखविले. पाच दशकांपूर्वी, १८७५ साली, पुणे आणि बीडला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. ते दुःख इतिहासाच्या पुस्तकांत होते. चित्रपटात ते बाबूरावांमुळे आले. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. जाणकारांनी मात्र त्याची थोरवी ओळखली.

पुढचा काळ बाबूरावांना सुखाचा गेला नाही. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी बाहेर पडले आणि १९२९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या संस्थेला या फुटीचा जबर धक्का बसला आणि लवकरच तिचा कारभार आटोपला. तथापि प्रभातने पुढे जे वैभव मिळविले त्याचा पाया कोल्हापूरच्या त्या कारखान्यातच घातला गेला होता. बोलपटांच्या युगात बाबूराव थोडेच रमले. उषा, प्रतिभा अशी चित्रे त्यांनी काढली. १९४७ च्या लोकशाहीर रामजोशीच्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. पण त्यांचे मन पुन्हा माती आणि रंगांकडे, शिल्प आणि चित्र यांकडे ओढले गेले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. मूकपटांची फिल्म नाशवंत. जपणूक झाली नाही, आणि सावकारी पाश आज पाहावयास उपलब्ध नाही. ज्याने खरे जग टिपले त्याचीच चित्रे काळाच्या उदरात जावीत, ही आपल्या अनास्थेची खूण आहे.

बीडच्या वाचकाला या जीवनकथेचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको. सावकारी पाशातील कुणबी गिरणीत गेला. येथला कुणबी उसाच्या फडात जातो. खोट्या कर्जखताच्या जागी मुकादमाची उचल आली आहे. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजले जाते, आणि हंगामभर संसार कोपीत मांडावा लागतो. त्याच कोपीत आता एक मोबाईल असतो. बाबूरावांना ज्यासाठी वर्षानुवर्षे झिजावे लागले, त्याहून कितीतरी समर्थ कॅमेरा ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या हाती सहज आला आहे.

सहज आलेल्या वस्तूचा धोका हा की, तिच्यावर आपली सत्ता चालण्याऐवजी तिची सत्ता आपल्यावर चालू लागते. त्यावर उपाय दोन, आणि दोन्ही बाबूरावांच्या जीवनात सापडतात. शाळांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मुलांना यंत्रे उघडू द्यावीत, मोडू द्यावीत, पुन्हा जोडू द्यावीत; बाजारातील दुरुस्तीच्या दुकानात स्वतःच शिकलेल्या तरुणाचे कसब हे हलके काम न मानता ज्ञान मानावे. आणि ज्याला कॅमेऱ्याचा नाद आहे त्याने तो एकदा आपल्याच फडाकडे, आपल्याच कोरड्या विहिरीकडे वळवावा. नाद सोडविण्याच्या खटाटोपात पालकांनी शक्ती दवडू नये. नादाला खोली आणि दिशा मिळाली तर मेस्त्र्याच्या घरातला मुलगा काय करू शकतो, हे कोल्हापूरने एकदा दाखविले आहे. ते बीडला दाखविता येणार नाही, असे मानण्यास काहीच कारण नाही.