सशाची किंमत

गेल्या दिवाळीत ओळखीच्या एका बाईंना मी हाताने रंगवलेली दहा-बारा शुभेच्छापत्रं दिली. किती द्यायचे, असं त्यांनी विचारलं, तर मी पटकन म्हणून गेले, की अहो, पैसे कसले, आवड म्हणून काढते मी. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. लेकीच्या कपाटातलं निळ्या कोटातल्या पीटर सशाचं पुस्तक समोर दिसलं आणि त्याची चित्रकर्ती बिएट्रिक्स पॉटर आठवली.

मैत्रिणींनो, ही बाई १८६६ साली लंडनमध्ये जन्मली. कापडाच्या धंद्यातून आलेला पैसा घरात भरपूर, पण मुलीला शाळा नाही, मैत्रिणीही नाहीत. शिकवायला बाई घरी येत. सोबत काय ती धाकट्या भावाची आणि पाळलेल्या सशांची, उंदरांची. त्यांनाच समोर बसवून ती तासन् तास चित्रं काढायची.

१८९० मध्ये तिने बेंजामिन या आपल्या सशाची चित्रं शुभेच्छापत्रांसाठी एका प्रकाशकाला विकली. मिळाले ६ पौंड. आनंदाच्या भरात तिने सशाला कपभर भांगेचं बी खाऊ घातलं आणि दुसऱ्या दिवशी हे महाशय असे झिंगले, की चित्रासाठी बसेचनात!

तिची सगळीच पात्रं अशी घरातली, ओळखीतली. १८९३ मध्ये तिच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला करमावं म्हणून तिने पत्रात चित्रं काढून पीटरची गोष्ट लिहिली. कपडे धुणारी मिसेस टिगी-विंकल सुचली ती स्कॉटलंडमध्ये सुट्टीत भेटलेल्या एका म्हाताऱ्या धोबिणीवरून, आणि तिला रूप मिळालं पाळलेल्या काटेरी हेजहॉगचं.

पीटरची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी वॉर्न कंपनीने पुस्तक रंगीत काढलं आणि ते हातोहात खपलं. १९०३ मध्ये तिने पीटरची बाहुली स्वतः शिवून तिची रीतसर नोंदणीही केली. किती व्यवहारी, बघा!

सुख मात्र सरळ आलं नाही. १९०५ मध्ये प्रकाशक नॉर्मन वॉर्नने तिला मागणी घातली. धंदेवाल्याशी लग्न? आईवडिलांचा सक्त विरोध. तरी तिने होकार दिला. महिन्याभरातच नॉर्मन आजारपणात गेला. ती तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. त्याच वर्षी तिने लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या मुलखात हिल टॉप नावाचं शेत विकत घेतलं. मोठा आधार होता तो पुस्तकांच्या कमाईचा. पुढे १९१३ मध्ये तिथल्याच वकिलाशी, विल्यम हीलिसशी लग्न झालं आणि ती मेंढ्या पाळण्यात रमली.

मला सगळ्यात भावते ती १९२७ सालची गोष्ट. विंडरमिअर तळ्याकाठची मोकळी जमीन बांधकामात जाणार होती. ती वाचवायला पैसे हवे होते. साठी ओलांडलेल्या बिएट्रिक्सने पीटरची पन्नास चित्रं स्वतःच्या हाताने पुन्हा काढली, खाली सह्या केल्या आणि विकण्यासाठी अमेरिकेत बोस्टनला पाठवली. तिथल्या वाचकांनी ती विकत घेतली आणि निधीला हातभार लागला. डोळे थकलेले, चित्रं जवळजवळ सुटलेली. पण आपल्या सशाची किंमत काय आणि ती कशासाठी घ्यायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

१९४३ मध्ये ती गेली, तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली. चित्रं फुकट वाटली असती, तर एवढं देणं तिला जमलं असतं का?

यंदाच्या दिवाळीची पत्रं मी रंगवायला घेतली आहेत. या वेळी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात का होईना, किंमत लिहिली आहे. लिहिताना हात जरा अडखळला, पण खोडली नाही.