धमन्यांचे गणित मांडणारा डॉक्टर

लांबट फुगा फुगवताना तो सगळीकडे सारखा फुगत नाही. आधी एका जागी टम्म फुगवटा येतो, बाकीचा भाग अरुंदच राहतो. हृदयातून निघणारी महाधमनीही दाबाने ताणली जाणारी नळीच. मग ती अशी का फुगत नाही? या प्रश्नाचा विचार करताना थॉमस यंग यांचे नाव घ्यावेच लागते.

इंग्लंडमधील मिल्व्हर्टन येथे १३ जून १७७३ रोजी एका क्वेकर कुटुंबात यंग यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते थोरले. लंडन, एडिंबरो आणि गॉटिंगेन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. डोळ्याचे भिंग आकार बदलते, हे मांडल्यावर वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रकाश हा तरंग आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. पदार्थ ताणाला किती विरोध करतो हे सांगणारा ‘यंगचा गुणांक’ आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी शिकतात.

१८०८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीत हृदय आणि धमन्यांवर व्याख्यान दिले. धमन्या स्वतः आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात, असे तेव्हा अनेक वैद्य मानत. यंग यांनी गणित करून दाखवले, की रक्त पुढे नेण्याचे काम मुख्यतः हृदयाचे. नाडी म्हणजे लवचीक नळीतून धावणारी दाबाची लाट. नळी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. धमन्या किती कडक झाल्या आहेत, हे डॉक्टर आज याच वेगावरून मोजतात.

फुग्याच्या कोड्याचे उत्तर नंतरच्या संशोधकांनी शोधले. दाब तोच राहिला तरी नळीची त्रिज्या दुप्पट झाली, की भिंतीवरचा ताण दुप्पट होतो. रबर हा वाढता ताण पेलू शकत नाही, म्हणून एका जागी फुगवटा येतो. धमनीच्या भिंतीत मात्र इलॅस्टिन आणि कोलॅजेनचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू एरवी नागमोडी असतात. भिंत जास्त ताणली, की ते सरळ होऊन दोरखंडासारखे घट्ट होतात आणि फुगवट्याला आवर घालतात. वय, धूम्रपान आणि उच्च रक्तदाबाने हे तंतू झिजले, की हा आवर सुटतो. पोटातील महाधमनीचा व्यास तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला, तर त्याला धमनीविस्फार म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, पण साध्या सोनोग्राफीत दिसतो. धूम्रपान केलेल्या ज्येष्ठांनी म्हणूनच याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

यंग यांनी १८११ पासून लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात काम केले, शिवाय रोझेटा शिलालेखाच्या लिपीचेही कोडे सोडवायला घेतले. अखेरच्या आजारपणातही ते अंथरुणात पेन्सिल घेऊन इजिप्शियन शब्दकोश तपासत होते. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांची महाधमनी हाडासारखी कडक झालेली आढळली. लवचीक नळ्यांचे गणित मांडणाऱ्या या डॉक्टरच्या स्वतःच्या धमनीची लवचीकता केव्हाच संपली होती.